गेटसभेला दिङ्नाग कशाला?

वाकडीवाट | रविवार, रात्री १०:५२

मंडळी, एक भांडण इथे आणतोय. आमच्या चाकण पट्ट्यातल्या युनियनच्या अभ्यासवर्गात ते बरेच दिवस धुमसतंय आणि मिटायची चिन्हं नाहीत.

एका गटाचं म्हणणं, वर्गात कायदा शिकवा. २४० दिवस म्हणजे काय, सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामात खंड, का देतात, पीएफ भरला की नाही हे कसं बघायचं, इन्क्वायरीत काय बोलायचं आणि कशावर सही करायची नाही. एवढं आलं तरी पोरगा तरला. दुसऱ्या गटाचे पुढारी आमचे एक ज्येष्ठ सहकारी, पूर्वी शिक्षक होते. ते म्हणतात, द्वंद्ववाद, म्हणजे परस्परविरोधातून बदल कसा घडतो ते सांगणारं मार्क्सचं तत्त्वज्ञान, कळल्याशिवाय कार्यकर्ता घडत नाही, नुसता अर्ज लिहून देणारा एजंट तयार होतो. त्यांच्या तासाला रात्रपाळी करून थेट आलेली पोरं 'संख्यात्मक बदलातून गुणात्मक बदल' ऐकता ऐकता भिंतीला टेकून घोरतात. हे मी चेष्टेने लिहीत नाही, बारा तास उभं राहून आल्यावर कोणीही घोरेल.

तर मागच्या वर्गात एका ट्रेनी पोराने हात वर केला. "सर, पगार वाढला की खोलीवाला भाडं वाढवतो, मेसवाला डबा वाढवतो. मग आपण मागतो कशाला?" कायदेवाले एकमेकांकडे बघायला लागले. द्वंद्ववादाच्या सरांनी 'हे आपण पुढे घेऊ' म्हणून विषय टोलवला.

आता गंमत बघा. हाच प्रश्न १८६५ साली लंडनमध्ये इंटरनॅशनलच्या, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जनरल कौन्सिलपुढे आला होता. विचारणारा वेस्टन नावाचा सुतार. त्याचं म्हणणं, मजुरी वाढली की मालाचे भाव वाढणार, म्हणजे वाढ मागणं फुकट, आणि युनियनने ती मागणं तर अपायकारकच. मार्क्सने त्याच्यासाठी जूनमधल्या दोन बैठका घेतल्या. उत्तर सोपं नाही. मूल्य कशातून येतं, मजूर श्रम विकतो की श्रमशक्ती, मजुरी आणि नफा ही एकाच मूल्याची वाटणी कशी, म्हणून मजुरी वाढली तर सरसकट भाव चढत नाहीत, नफ्याचा दर उतरतो, असं तो पायरीपायरीने नेतो. शेवटी युनियनवाल्यांनाही सुनावतो, की तुम्ही परिणामांशी लढताय, कारणांशी नाही. म्हणजे तत्त्वज्ञान अवघडच, पण प्रश्न एका सुताराचा आणि उत्तर कामगार बसलेल्या सभेत.

आमच्या पोराला मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं. चाकणला खोलीभाडं चढतं त्याला पगारवाढीइतकंच जमिनीचं राजकारण कारण आहे, आणि ते वेस्टनच्या उत्तरात थेट नाही.

मला विचारायचंय ते हे. अवघड तत्त्वज्ञानाने संघटनेचं कधी काही अडलं आहे का, किंवा सुटलं आहे का? उदाहरणं द्या. सुविचार नकोत, ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवर भरपूर आहेत.

बदलीवाल्याचा मुलगा | रविवार, रात्री ११:२०

उपयोग शून्य. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडला. कोणाच्या मागे? डॉक्टर सामंतांच्या. घाटकोपरला दवाखाना चालवणारा माणूस, दगडखाणीतल्या मजुरांना तपासता तपासता युनियनमध्ये आला. त्यांच्यामागे ना ग्रंथ, ना वाद, ना वर्ग. ज्यांच्याकडे कपाटभर पुस्तकं होती त्या लाल बावट्याच्या युनियनमधली माणसं उठून डॉक्टरांकडे गेली. का गेली? कारण हा माणूस मालकाकडून दणदणीत वाढ काढून देतो असं लोकांनी इतर कारखान्यांत बघितलं होतं.

माझे वडील बदली. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. अशा माणसाला तुम्ही हेगेल सांगणार? त्याला एकच तत्त्वज्ञान ठाऊक होतं, आज हजेरी लागली की नाही.

तर्कट | रविवार, रात्री ११:३१

डॉक्टरांकडे ग्रंथ नव्हता हे खरं. संपाचं पुढे काय झालं तेही लिहा की.

बदलीवाल्याचा मुलगा | रविवार, रात्री ११:३४

आणि ग्रंथवाल्यांचा १९२९ चा संप? तो काय जिंकला होता?

तर्कट | रविवार, रात्री ११:४१

पुढारी मार्चमध्येच कटाच्या खटल्यासाठी मीरतच्या तुरुंगात नेऊन टाकले होते हो. पण असो, बरोबरीत सुटलं.

निळी शाई | सोमवार, सकाळी ८:१५

धागाकर्त्याने विचारलंय, अवघड तत्त्वज्ञानाने कधी काही अडलं का. अडलं. चांगलंच अडलं, आणि तेही याच गिरण्यांत.

साच्यावर, म्हणजे मागावर, काम कसं चालायचं ते आधी सांगते. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली, धाग्याची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवायचा. मग धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं, आणि त्याची झटपट पद्धत म्हणजे भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. धागा ओठाशी येतो. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ. म्हणून साचेखात्यात अस्पृश्यांना काम नाही. विणकराची मिळकत गिरणीतल्या इतर बऱ्याच खात्यांपेक्षा बरी, म्हणजे दार बंद होतं ते नेमकं बऱ्या पगाराचं. आणि ते लावून घेणारे हात मालकाचे कमी, साचेवाल्या बांधवांचे जास्त.

१९२८ चा संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली आणि वर्ष सरेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. एवढा प्रचंड एकोपा. त्या एकोप्यात हा धोटा कुठे होता? बाबासाहेबांनी विचारलं, साचेखातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? ती यादीत आली, पण ओढूनताणून, बाबासाहेबांनी ताणून धरल्यावर.

आता मला सांगा, ती चांगली माणसं होती ना? तुरुंगात जाणारी, घरदार सोडलेली. मग त्यांना हे का दिसलं नाही? नुसती सवर्ण सवय म्हणून मी सोडून देणार नाही, कारण सवयीला त्यांच्याकडे सिद्धांताचं पाठबळ होतं. मार्क्सच्या १८५९ च्या प्रस्तावनेतला पाया आणि इमला. उत्पादनसंबंध हा पाया. धर्म, कायदा, विचार हा इमला. जात कुठे? इमल्यात. पाया हलला की इमला आपोआप कोसळेल, तेव्हा आत्ता जातीचा प्रश्न काढून एकजूट फोडू नका. हे वाक्य पुढची पन्नास वर्षं युनियनच्या कचेऱ्यांत ऐकू येत राहिलं, आणि ते बोलणाऱ्या निम्म्यांनी ती प्रस्तावना वाचलेलीसुद्धा नव्हती.

म्हणजे तत्त्वज्ञान युनियनमध्ये आधीच होतं. कोणी तपासलेलं नव्हतं एवढंच.

ते तपासलं कोणी? कोलंबियात ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या वर्गात बसून आलेल्या बाबासाहेबांनी. १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात समाजवाद्यांना त्यांनी एक साधासा वाटणारा प्रश्न घातला: क्रांतीनंतर आपल्याला बरोबरीने वागवतील याची खात्री नसेल तर माणूस क्रांतीत उतरेल कशाला? जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हेही तिथलंच. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संपही केला. ज्याला मतभेद नेमका कुठे आहे हे ठाऊक असतं तो हातमिळवणीही नीट करू शकतो.

वाकडीवाट, तुमच्या युनियनमध्ये कंत्राटी पोरांना सभासद करून घेतात का? पर्मनंट लोकांच्या करारात त्यांचं काय असतं? जरा सांगा, मग पुढे बोलू.

वाकडीवाट | सोमवार, दुपारी १:०५

बरोबर नस पकडलीत.

पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव नको) तीन वर्षांचा करार झाला. पर्मनंटना वाढ, दिवाळीचं वेगळं, मेडिक्लेम आई-वडिलांसकट. त्याच लाइनवर, त्याच स्टेशनला, तोच नट आवळणाऱ्या कंत्राटी पोराचा अख्ख्या करारात एका ओळीचा उल्लेख नाही. गेटसभेत मी विचारलं तर एक जुना सभासद म्हणाला, "त्यांचं आत घेतलं तर आपलं बाहेर जाईल." हा माणूस वाईट नाही. पुरात स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा आहे. कँटीनमध्ये मात्र पर्मनंटच्या टेबलावर कंत्राटी बसत नाही. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण बसत नाही.

तुम्ही धोटा लिहिलात तेव्हा मला ते टेबल दिसलं. फरक आहे, मान्य. कंत्राटी माणूस उद्या पर्मनंट होऊ शकतो, निदान कागदावर.

निळी शाई | सोमवार, दुपारी १:३०

फरक मोठा आहे आणि तो पुसू नका. तुमच्या जुन्या सभासदाच्या डोक्यातही एक सिद्धांत आहे, की कामगारांच्या हिताचा घास ठरावीक मापाचा आहे आणि 'आपण' म्हणजे हजेरीपटावरचे. त्याला तुम्ही २४० दिवसांचं कलम सांगून हलवू शकणार नाही. कंत्राटी पोरांची आडनावंही एकदा वाचून बघा, मग फरक किती उरतो तेही कळेल.

मीरा_साक्री | सोमवार, रात्री ९:४७

शीर्षकात दिङ्नाग हा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ आहे आणि अजून कोणी कॉम्रेड शरद पाटलांचं नाव काढलं नाही, म्हणून धुळे जिल्ह्यातून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शरद पाटील (१९२५–२०१४) धुळ्याचे. चित्रकला शिकायला गेले, ते सोडून पक्षात आले, आधी कामगारांत आणि मग आदिवासी-शेतकऱ्यांत काम केलं. १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. सोडण्याचं मूळ कारण जातीचा प्रश्न, म्हणजे निळी शाई यांनी वर लिहिलेला पाया-इमल्याचाच तंटा. मार्क्स-फुले-आंबेडकरवाद हे नाव त्यांनी दिलं. आणि मग हा माणूस शिरला संस्कृत व्याकरणात. पाणिनी, तिथून बौद्ध तर्कशास्त्र, दिङ्नाग, धर्मकीर्ती, सौत्रांतिक हा बौद्ध पंथ. का? त्यांचं म्हणणं, मार्क्सवाद जाणिवेबद्दल बोलतो, पण जात बसलेली असते नेणिवेत. साचेवाला कितीही वर्गजागृत झाला तरी धोट्याला ओठ लावताना जे आडवं येतं ते नेणिवेतलं. तिथे पोचण्याची रीत त्यांना दिङ्नाग-धर्मकीर्तीत सापडली.

पुस्तकं महाकठीण आहेत. माझे मामा प्राथमिक शिक्षक, पाटलांच्या शिबिरांना जायचे. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. पानाच्या डाव्या बाजूला शिबिरात सांगितलेलं आणि उजवीकडे लाल पेनाने प्रश्नचिन्हं. लाल शाई भरपूर.

त्या वह्यांतली एक गोष्ट मला फार उशिरा उपयोगी पडली. दिङ्नाग प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळण्याची साधनं, दोनच मानतो, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्द, म्हणजे कोणी थोर माणसाने किंवा ग्रंथाने सांगितलं म्हणून खरं, हे त्याच्याकडे स्वतंत्र प्रमाण नाही. ते अनुमानातच जमा.

मी वनहक्काच्या दाव्यांचं काम करते. २००६ चा कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. दावा करणाऱ्याकडे कागद नसतो. असलाच तर वनखात्याने कधीकाळी अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावती, ती पन्हळी पत्र्याच्या पेटीत, उंदरांनी अर्धी खाल्लेली. कार्यालयातला बाबू म्हणतो, कागद आणा. नियम काय म्हणतो? गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जमिनीवरच्या खुणा चालतात, बांध, सपाटीकरण, झोपडी. पुरावे मात्र एकाहून अधिक हवेत.

मग आम्ही गावात बसून दावे तयार करताना पोरांना विचारायला लागलो: हा बांध बघ. किती जुना असेल? कशावरून? यावर उगवलेल्या झाडाचा बुंधा केवढा? दगड किती खोल रुतलेत? म्हाताऱ्या आजीने सांगितलं की दुष्काळाच्या साली बांध घातला, तर ते खरं कशावरून, तेव्हा तिथे आणखी कोण राबत होतं? सरकारी कागदालाही तोच प्रश्न: हा कोणी लिहिला, जागेवर जाऊन लिहिला की टेबलावर बसून? पोरं इतकी तयार झाली की पाहणीला आलेल्या माणसाला बांधापाशी उभं करून उलट प्रश्न विचारतात. दिङ्नागाचं नाव त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

तर्कट | सोमवार, रात्री १०:०२

मग दिङ्नाग लागला कुठे? पुराव्याची यादी तर नियमातच आहे. तुमच्याच प्रतिसादाने 'उपयोग शून्य' सिद्ध झालं. :)

मीरा_साक्री | सोमवार, रात्री १०:२६

नियमात आहे, आणि नियम छापून आल्यावरही आमच्याकडे ढिगाने दावे 'कागद नाही' म्हणून परत आले. नियम पोरांच्या हातात होता, तरी बाबू 'कागद' म्हणाला की ती मान खाली घालून परत यायची. कागद खरा आणि आजी खोटी, हे त्यांच्याही आत बसलेलं. पाटील ज्याला नेणीव म्हणायचे ते हेच असावं असं मला वाटतं. ते सैल झालं ते 'कशावरून' विचारायची सवय लागल्यावर. दिङ्नाग मला लागला, पोरांना लागला नाही. हा दोष म्हणायचा की रीतच अशी, ते तुम्ही ठरवा.

आणि पाटलांची आरती करायची नाही मला. ज्या माणसाने शब्दप्रमाण नाकारलं त्याच्या पक्षात शेवटी त्याचाच शब्द प्रमाण झाला. लोक दुरावले, फुटले. पुस्तकं जाड होत गेली आणि सभा बारीक. डोंगरातल्या संघटना चालू राहिल्या त्या जमिनीच्या प्रश्नावर.

बदलीवाल्याचा मुलगा | सोमवार, रात्री १०:४०

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवतो.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ६:५०

चर्चा उत्तम. निवृत्त प्राध्यापक असल्याने थोडं पुस्तकी लिहितो, सवय जात नाही.

'अवघड' हा शब्द आपण फार ढिला वापरतोय. 'भांडवल'चा फ्रेंच अनुवाद १८७२ पासून हप्त्याहप्त्याने निघाला. प्रकाशकाला मार्क्सने लिहिलं की हप्त्यांमुळे पुस्तक कामगारांच्या हाती सहज जाईल, आणि त्याच्या दृष्टीने हे कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं. त्याच पत्रात धोकाही सांगितला, सुरुवातीची प्रकरणं चढणीची आहेत, निष्कर्षाची घाई असलेला वाचक तिथेच थांबेल. याला उपाय नाही, आधी बजावून ठेवण्यापलीकडे. म्हणजे सोपं करणं आणि पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्याला कळत होतं. आपल्याकडे सोपं करण्यावर भर, पोचवण्याचा हिशेब कोणी केला नाही. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचं मराठी १९३१ साली गंगाधर अधिकाऱ्यांनी केलं, बर्लिनहून रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आलेला आणि मीरत खटल्यात अडकलेला माणूस. 'भांडवल' मराठी कामगाराच्या हातात किती पडलं, हे ज्याने त्याने आपल्या युनियनच्या कपाटात जाऊन बघावं.

दुसरं, तत्त्वज्ञान वरून खाली येतं हे गृहीत धरू नका. जर्मनीत डिट्झगेन नावाचा कातडी कमावणारा माणूस होता. काम करता करता त्याने ज्ञानमीमांसेवर पुस्तक लिहिलं, आणि भौतिकवादी द्वंद्ववाद आमच्याशिवाय स्वतंत्रपणे यालाही सापडला असं खुद्द एंगल्सने नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडचे नारायण मेघाजी लोखंडे घ्या. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारा हा माणूस आधी सत्यशोधक. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली त्यामागे ही संघटना होती, आणि संघटनेच्या मागे 'निर्मिकासमोर सगळे सारखे' हा फुल्यांचा विचार. ते तत्त्वज्ञान नव्हतं तर काय होतं?

पुण्यात राम बापट चळवळीतल्या मुलांची शिबिरं घ्यायचे. त्यांना सोपं बोलता येत नसे, किंवा ते बोलत नसत. तरी मुलं बसायची, कारण आपल्या प्रश्नाला हा माणूस गांभीर्याने घेतोय हे त्यांना दिसायचं.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:३५

आत्ताच सुटलो. दोन वर्षं नुसता वाचतो इथे, आज लिहितो. वाकडीवाट सरांच्या वर्गात भिंतीला टेकून झोपणाऱ्यांतला एक मी. :D

तुम्ही सगळे कामगाराला काय झेपेल यावर बोलताय. माझं गाव बीड जिल्ह्यात. आजोबा ऊसतोडीला जायचे, सही पुरतं शिकलेले. गावात सप्ताह बसला की ज्ञानेश्वरी. नुसतं पारायण नाही, रात्री कीर्तन झालं की मंडपाच्या कडेला बिड्या ओढत वाद. तेरावा अध्याय आजोबांचा आवडता. देह हे क्षेत्र, म्हणजे शेत, हे खरं. पण शेत कोणाचं? ज्ञानोबांनी तिथे एकेका मताला बोलतं केलंय. एक म्हणतो शेत जीवाचं, प्राण त्याचं कूळ, त्याचे चार भाऊ राबतात, मन देखरेखीला, इंद्रियांचे बैल. दुसरा येतो आणि म्हणतो, जीव कसला मालक, तो तर वाटसरू, शेत प्रकृतीचं. मग तिसरा, चौथा. आजोबांना हे सगळं तोंडपाठ आणि त्यावर भांडण करायचे, कारण मालक, कूळ आणि राबणारा हा घोळ त्यांना शेतात रोज दिसत होता. सांख्य आणि मीमांसा यातलं ते आहे हे मला पुढे कॉलेजात कळलं.

तेव्हा कोणी म्हणालं नाही की ऊसतोड्याला क्षेत्र-क्षेत्रज्ञ कशाला, त्याला मुकादमाच्या उचलीचा हिशेब शिकवा. दोन्ही लागतं. हिशेब तर लागतोच, उचल फिटतच नाही.

अवघड हा प्रॉब्लेम नाही सर. झोप हा प्रॉब्लेम आहे. आणि दुसरा म्हणजे, तुमच्या वर्गात भांडायला मिळत नाही. पन्नास मिनिटं ऐकायचं, मग 'काही शंका?' आणि चहा.

निळी शाई | मंगळवार, सकाळी १०:१२

प्रतिसाद फार आवडला, रात्रपाळी. एकच पुरवणी जोडते, तुमच्या आजोबांबद्दल अजिबात नाही. मंडपाच्या कडेला बसून वाद घालायची मुभा गावातल्या सगळ्या वस्त्यांना होती का? चोखोबा विठ्ठलाच्या दाराबाहेरच राहिले. कोणाला वाद घालू देतात आणि कोणाला फक्त ऐकू देतात, हे अभ्यासवर्गातही बघत चला. खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, आणि चहा कोण आणतं.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:२०

नव्हती. चहा मीच आणतो.

श्टुटगार्टकर | मंगळवार, दुपारी ३:१०

झोपेच्या मुद्द्याला माहितीची जोड. इथे जर्मनीत बहुतेक राज्यांत कामगाराला वर्षाला पाच दिवस पगारी शिक्षणरजा कायद्याने मिळते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हा कायदा २०१५ चा, म्हणजे तसा अलीकडचा. त्या रजेत राजकीय शिक्षणही बसतं, आणि युनियनच्या शिबिराला कामाच्या दिवशी पगार चालू ठेवून जाता येतं. किती लोक रजा घेतात हा भाग वेगळा, माझ्या ऑफिसात फारसं कोणी घेत नाही. पण मागणी म्हणून तुमच्या करारात घालून बघा की.

तर्कट | मंगळवार, दुपारी ३:२२

चाकणला बाथरूमला जायला रिलिव्हर मिळेना, तुम्ही तत्त्वज्ञानाला रजा मागताय.

बदलीवाल्याचा मुलगा | मंगळवार, रात्री ९:०५

रात्रपाळीच्या प्रतिसादाने मी थोडा हललो, पण पूर्ण नाही. माझा मूळ मुद्दा वेगळ्या बाजूने मांडतो.

८२ च्या संपात आम्हाला नडला तो ना पाया, ना इमला. नडला १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अ‍ॅक्ट. त्या कायद्याने एका उद्योगाला एकच प्रतिनिधी युनियन, आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. अडीच लाख माणसं रस्त्यावर डॉक्टरांबरोबर, आणि कायद्याने बोलायचा हक्क भलत्याच युनियनकडे. मालक म्हणायचे, आम्ही सामंतांशी बोलूच शकत नाही. तो कायदा रद्द करा ही संपाची एक मोठी मागणीच होती. संप कोणी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. वडिलांना त्या कायद्याचं नाव पाठ होतं, शेवटपर्यंत, शिवी द्यावी तसं घ्यायचे.

तेव्हा वर्गात काय शिकवायचं असेल ते शिकवा, पण तुमच्या हक्काने कोण बोलतो हे ठरवणारा कायदा पहिल्या दिवशी शिकवा.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ९:३०

'लोकांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाला, आणि तो कुठून येतो?' राज्यशास्त्रातले निम्मे जाड ग्रंथ याच प्रश्नावर आहेत, बदलीवालेसाहेब. तुमचे वडील त्यातच पडले होते.

बदलीवाल्याचा मुलगा | मंगळवार, रात्री ९:३३

सर, तुम्ही लोक कशालाही तत्त्वज्ञान म्हणता, हीच तर तक्रार आहे. बाप उपाशी होता. त्याला कुठल्या ग्रंथात बसवू नका.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ९:४१

मान्य. मागे घेतो.

वाकडीवाट | मंगळवार, रात्री ११:१५

आज कमिटीत हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. निम्मा वाचेपर्यंत भांडण सुरू झालं, पण या वेळी वेगळ्याच जोड्या लागल्या. कायद्यावाल्यांतले दोघं म्हणाले, कंत्राटींना सभासद करायचं की नाही याच्यावरच वर्ग घ्या, आणि विरोध करणाऱ्या जुन्या सभासदालाच पहिलं बोलायला सांगा. द्वंद्ववादाच्या सरांना वेस्टनचं सगळं प्रकरण ठाऊक होतं. त्या दिवशी का बोलला नाहीत विचारलं, तर म्हणाले, "ते अभ्यासक्रमात पुढे आहे." कपाळावर हात मारला.

तूर्त ठरलंय ते असं: आधी वेस्टनचा प्रश्न, खोलीभाड्याचा हिशेब शेजारी ठेवून. मग प्रतिनिधी युनियनचा कायदा, ८२ च्या संपासकट. मग धोटा. निळी शाई, तुम्हाला पुण्याहून यायला जमेल का? मीराताई, मामांच्या वहीतलं लाल पेनाचं एखादं पान फोटो काढून टाकाल का इथे?

रात्रपाळी, तुला कुठला वार सोयीचा?

मीरा_साक्री | बुधवार, सकाळी ७:०२

पान टाकते, पण मामांचं अक्षर आधी सहन करायची तयारी ठेवा. एक विनंती, सरांना पाटलांची पुस्तकं वर्गात वाचायला देऊ नका. आधी स्वतः वाचू देत.

निळी शाई | बुधवार, सकाळी ९:३०

येते. खुर्ची नको, सतरंजीवर बसेन. जुने सभासद मात्र यायलाच हवेत, नुसती कंत्राटी पोरं जमवून मला त्यांना जात शिकवायची नाही. ती त्यांना माझ्याइतकीच येते.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:४४

आमचा वीकऑफ पुढच्या महिन्यापासून गुरुवारी. संध्याकाळी पाचला ठेवा, तोवर झोप होते. पर्मनंटवाल्यांना त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट असते, म्हणजे त्यांनाही निमित्त नाही. आणि ब्रेक पुढच्या महिन्याच्या २० ला आहे माझा. धोट्याचा वर्ग त्याच्या आधी घ्या, नंतर मी कुठल्या कंपनीत असेन सांगता येत नाही.